मित्राची वही वाचताना

शुद्धलेखन संपलं की बाई ‘वह्या बदला’ म्हणायच्या आणि शेजाऱ्याची वही पुढ्यात यायची. बाई फळ्यावर बरोबर शब्द लिहीत. मुलं चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारून दहापैकी गुण देत. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या मराठी शाळांत शिकलेल्या कितीतरी पालकांनी असे गुण दिले-घेतले असतील. तिथं मुलं फक्त चुका मोजत होती. मित्राचं लिखाण वाचून त्यात काय जमलंय, कुठं अडलंय हे त्याला सांगणं आणि त्याचं ऐकून आपलं लिखाण सुधारणं, हे निराळं कौशल्य आहे. पाढ्यांसारखंच तेही शिकवावं लागतं.

कागदावर त्याला बऱ्याच वर्षांपासून जागा आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातल्या आकारिक, म्हणजे शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि शेवटी ‘इतर’ अशी यादी आहे. या ‘इतर’मध्ये स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं पुढं जाऊन मुलांचं स्वतःचं आणि सोबत्यांचं म्हणणं थेट प्रगतिपत्रकात यावं, असं म्हटलं.

मात्र मूल्यमापन म्हटलं की मुलं आधी गुणच देऊ लागतात, आणि गुण दिसले की बाकीचं कुणी वाचत नाही. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना फक्त गुण मिळाले, काहींना फक्त लेखी शेरा, तर काहींना दोन्ही. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांचं काम सुधारलं आणि गोडीही टिकली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. म्हणून सोबत्याच्या अभिप्रायाला गुण जोडू नयेत, हा पहिला नियम.

न शिकवताही मुलं एकमेकांना सांगतच असतात. न्यूझीलंडचे संशोधक ग्रॅहम नटहॉल यांनी वर्गातल्या मुलांना छोटे मायक्रोफोन लावून त्यांची आपापसातली बोलणी टिपली. अभ्यासाबद्दल मुलांच्या कानावर पडणारं बरंचसं बोलणं सोबत्यांचं असतं आणि त्यातलं पुष्कळसं चुकीचं असतं, असं त्यांना आढळलं. गप्प बसवून ते थांबणार नाही, पण त्याला वळण लावता येतं.

ते कसं, हे पाहण्यासाठी घाटकोपरचा एखादा सहावीचा वर्ग डोळ्यांपुढं आणावा. निबंधाचा विषय ‘पावसानं अडवलेली संध्याकाळ’. शेजारच्या मुलानं वहीत लिहिलं, ‘छान आहे. अक्षर सुधार.’ लिहिणारीच्या हाती यातून काहीच लागत नाही. तोच मुलगा शिकल्यावर लिहील : ‘स्टेशनच्या जिन्यावर सगळे छत्र्या मिटून दाटीनं उभे होते, हे वाचताना ते डोळ्यांसमोर आलं. आईचा फोन लागेना, तिथं मलाही काळजी वाटली. पण शेवटी तू घरी कशी पोचलीस ते कळलं नाही.’ दोन जमलेल्या जागा आणि वाचकाला पडलेला एक प्रश्न. त्यासाठी भाषेचं पांडित्य लागत नाही, लक्षपूर्वक वाचावं लागतं. दुसऱ्याच्या निबंधातला हरवलेला शेवट ज्याला दिसला, तो स्वतःचा निबंध लिहितानाही शेवटाकडं पाहू लागतो.

सुरुवात मुलांच्या वहीपासून करू नये. बाईंनी स्वतःचा एक परिच्छेद फळ्यावर लिहावा आणि वर्गाला त्यावर बोलू द्यावं. बाई रागावत नाहीत, उलट एक वाक्य खोडून नवं लिहितात, हे मुलांनी पाहिलं की अर्धी भीती जाते.

ऐकून घेणं अधिक कठीण. त्यालाही साधी रीत आहे : समोरचा बोलून होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही, कळलं नाही तर विचारायचं, मग काय बदलणार, काय तसंच ठेवणार, हे आपण ठरवायचं. सूचना नाकारण्याची मुभा असली की लिखाण मुलाचंच राहतं.

अमेरिकेतले शिक्षक रॉन बर्जर याचं एक उदाहरण नेहमी दाखवतात. आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरातल्या ऑस्टिन नावाच्या पहिलीतल्या मुलाला फोटो पाहून फुलपाखरू काढायचं होतं. पहिलं चित्र ओबडधोबड होतं. वर्गमित्रांनी फोटोशी ताडून आधी पंखांच्या आकाराबद्दल सांगितलं, नंतर पंखांवरच्या नक्षीबद्दल. सहाव्या खेपेचं चित्र पाहून ते पहिलीतल्या मुलाचं आहे, यावर विश्वास बसत नाही. बर्जर यांची अट एवढीच : बोलणं प्रेमाचं हवं, नेमकं हवं आणि उपयोगाचं हवं.

मुंबईच्या उपनगरांत यातली प्रेमाची अट फार मोलाची आहे. इथल्या एकाच वर्गात मालवणी बोलणारं घर असतं, खानदेशातून आलेलं असतं आणि हिंदी बोलणारंही. कुणी ‘माका’ लिहिलं म्हणून वर्ग हसला, तर ते मूल पुढच्या वेळी दोन ओळींत निबंध उरकेल. बोलीवर, अक्षरावर आणि घरावर शेरा मारायचा नाही, हे शिक्षकांनी आधीच ठरवून द्यायला हवं. पहिल्या काही वेळा जोड्याही त्यांनीच लावाव्यात. नाहीतर जिवलग मित्र नुसती स्तुती करतात आणि भांडलेले उट्टं काढतात.

वेळ कुठून आणायचा, हा शिक्षकांचा प्रश्न खरा आहे. सहावी ते आठवीसाठी कायद्यानं ३५ मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. प्रत्येक वहीला चार मिनिटं दिली तरी दोन तास वीस मिनिटं लागतात. जोड्या केल्या तर तासातल्या दहा मिनिटांत पस्तिसाव्या वहीलाही वाचक मिळतो. बाईंचं तपासणं त्यानं सुटत नाही, पण त्यांच्यापुढं येतो तो एकदा सुधारलेला मसुदा.

घरचे लोक विचारतील, ‘आमच्या मुलीची वही दुसऱ्यानं का तपासायची?’ अशा वेळी पालकसभेत त्या मुलीच्या निबंधाचे दोन्ही मसुदे शेजारी शेजारी ठेवावेत आणि कोणतं वाक्य का बदललं, हे तिलाच सांगू द्यावं.