कुत्रा का ओकतो?

रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन अशा रायगड जिल्ह्यातील किनाऱ्यावरच्या गावी मासळीच्या होड्या काठाला लागल्या, की गिऱ्हाइकांच्या आधी कुत्री गोळा होतात. टाकून दिलेली मासळी, तिची डोकी, आतडी, जे मिळेल ते ती गिळतात. नीट चावून खाणे त्यांच्या स्वभावातच नाही. मग थोड्या वेळाने एखादा कुत्रा मान खाली घालतो, त्याचे पोट आत-बाहेर होऊ लागते आणि गिळलेले सारे वाळूवर येऊन पडते.

हे पाहून किळस येते खरी. परंतु ओकारी हे शरीराचे संरक्षणच होय. जठरात नासके अन्न गेले, की मज्जातंतू त्याची वर्दी मेंदूतील एका केंद्राला देतात. रक्तात भिनलेले विषही त्या केंद्राला जाणवते. मग पोटाचे स्नायू व श्वासपटल जोराने आकुंचन पावतात आणि अन्न आल्या वाटेने बाहेर फेकले जाते. समुद्राचे खारे पाणी फार प्यायलेला कुत्राही असाच ओकतो. कुत्रा ओकण्यासाठी मुद्दाम गवत खातो, असे लोक समजतात. पण गवत खाणारी बहुतेक कुत्री ओकत नाहीत.

एकदा ओकून कुत्रा पूर्ववत शेपटी हलवू लागला, तर काळजी नको. वारंवार ओकाऱ्या होणे, त्यांत रक्त दिसणे, पाणीही पोटात न ठरणे, ही लक्षणे दिसताच मात्र पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. पोट फुगले असून कुत्रा नुसताच उमळत असेल, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. तेथे घटकाभराचा विलंबही घातक. १९७८ पासून जगभर पसरलेल्या पार्व्हो रोगात लहान पिले ओकाऱ्या-जुलाबांनी पाहता पाहता दगावतात. त्यावर लस आहे आणि ती वेळेवर टोचून घ्यावी.

किनाऱ्यावर आणखी एक भय असते, ते केंड माशाचे. डिवचल्यास फुग्यासारखा फुगणारा हा मासा बहुधा विषारी असतो. तो खाल्लेला कुत्रा प्रथम ओकतो, मग त्याचे पाय लुळे पडतात, शेवटी श्वास कोंडतो. २००९ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळच्या किनाऱ्यांवर काही कुत्री मेली. त्यांनी खाल्लेल्या समुद्री गोगलगाईंत हेच विष निघाले. यावर उतारा नाही; तरी श्वास चालू ठेवता आला, तर जीव वाचू शकतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना माशाचा उरलेला तुकडा कागदात गुंडाळून बरोबर न्यावा. गळ गिळलेल्या कुत्र्याच्या तोंडातून लोंबणारी दोरी मात्र कोणी ओढू नये; त्याने गळ आत अधिकच रुततो.