एक आकृती, अनेक प्रती : लॅबव्ह्यूमधील रेफरन्स आणि मेमरी

गेल्या व्याख्यानात आपण पद आणि पदार्थ, म्हणजे नाव आणि त्या नावाने दाखवलेली वस्तू, यांतला भेद पाहिला. तो पोथीपुरता नाही. आज तो एका संगणकभाषेत पाहू. तिचे नाव लॅबव्ह्यू. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातील नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने ती १९८६ साली आणली. इथे ओळी लिहायच्या नाहीत, चौकटी मांडून तारांनी जोडायच्या. अशा एका घटकाला व्हीआय म्हणतात. त्याच्या दर्शनी बाजूला, म्हणजे फ्रंट पॅनेलवर, बटणे आणि आकडे असतात. मागे तारांची आकृती असते.

साध्या व्हीआयची मेमरी एकच. चार जणांनी एकदम हाक मारली, तर एकाचे काम होईपर्यंत तिघे थांबतात. तोच व्हीआय रीएन्ट्रन्ट केला की आकृती एकच राहते, पण मेमरीच्या प्रती अनेक होतात. या प्रतींना क्लोन म्हणतात.

आता खरा प्रश्न. समजा, हा व्हीआय चार सेन्सरचे तापमान घेतो आणि सरासरीसाठी मागचे आकडे शिफ्ट रजिस्टरमध्ये जपतो. प्रत्येक हाकेच्या जागेला आधीच स्वतंत्र क्लोन दिला, तर प्रत्येक सेन्सरची आठवण वेगळी राहते. मेमरी मात्र जास्त लागते. मेमरी वाचवण्यासाठी क्लोन सामायिक ठेवले, तर जो मोकळा असेल तो कामाला येतो. मग पहिल्या सेन्सरच्या सरासरीत तिसऱ्याचे आकडे मिसळू शकतात. गंमत बघा, कुठेही एरर येत नाही. आकडा दिसतो, पटण्यासारखाही असतो, फक्त खोटा असतो. उलट, सगळ्यांनी मिळून एकच मोजणी ठेवायची असेल, तर तो व्हीआय रीएन्ट्रन्ट करायचाच नाही.

कंट्रोल रेफरन्सचेही तसेच. रेफरन्स म्हणजे पॅनेलवरच्या बटणाचे नाव, बटण नव्हे. रीएन्ट्रन्ट व्हीआयच्या आकृतीत बनवलेला रेफरन्स त्या त्या क्लोनच्या पॅनेलकडे बोट दाखवतो. आपल्याला मुख्य पडद्यावरचा आकडा बदलायचा असेल, तर मुख्य व्हीआयनेच आपल्या कंट्रोलचा रेफरन्स तारेतून आत द्यावा. पण रेफरन्समार्गे किंमत लिहिण्याचे काम युजर इंटरफेसच्या एकाच थ्रेडमध्ये होते. म्हणजे समांतर चाललेले क्लोन तिथे पुन्हा रांगेत उभे! म्हणून क्लोनने आकडे क्यूमध्ये टाकावेत आणि पडदा एकाच व्हीआयने रंगवावा, हे बरे.

इथवर एका नावामागे अनेक वस्तू होत्या. आता उलटी बाजू. नाव देऊन क्यू मागितली की क्यू तीच मिळते, पण रेफरन्स दर वेळी नवा. सेकंदाला १० वेळा मागितली आणि एकदाही सोडली नाही, तर दिवसाला ८,६४,००० नावे साचतात. वस्तू एकच, मेमरी भरत जाते ती नावांनी. आठवडाभर चालणारी चाचणी अशाने मध्येच कोसळू शकते. म्हणून क्यू एकदाच मागावी, रेफरन्स तारेने फिरवावा, शेवटी सोडावा. आकृतीतच ठेवलेला कंट्रोल रेफरन्स मात्र आपण बंद करावा लागत नाही.

आणखी एक. ज्या मुख्य व्हीआयच्या छत्राखाली रेफरन्स जन्मला, तो थांबला की लॅबव्ह्यू रेफरन्स मोडीत काढते. स्वतंत्र सोडून दिलेला क्लोन हा स्वतःच मुख्य असतो. त्याने क्यू बनवून इतरांना वाटली आणि तो संपला, तर इतरांच्या हाती उरते नुसते नाव, वस्तू गेलेली.

तेव्हा प्रत्येक तारेपाशी आपण तीन प्रश्न विचारावेत : हे नाव कोणत्या प्रतीचे? ते कोणी दिले? आणि ते पुसणार कोण? उत्तर देता येत नसेल, तर ती तार जोडू नये.

आता तुमच्या शंका घेऊ.