शोधनावातील चिन्हे: गैरसमज आणि वस्तुस्थिती
ज्या नावाने नोंद शोधावयाची त्या शोधनावात, मग ते सातबाऱ्यावरील गट क्रमांकाचे असो, मौज्याचे असो वा शेकडो यंत्रांची व्यवस्था राखणाऱ्या पपेटसारख्या प्रणालीतील एखाद्या मूल्याचे असो, टिंब किंवा तिरकी रेघ आली की ती गाळून टाकणे हाच निर्धोक मार्ग, अशी समजूत संगणकावर दफ्तर राखणाऱ्या पुष्कळांच्या मनात दृढ असते. वस्तुतः 11/2 आणि 1/12 या दोन गटांतील रेघ गाळली की दोहोंचे 112 होते, आणि दोन निरनिराळ्या खातेदारांची जमीन एकाच नावाखाली जाऊन बसते. एवढा अनर्थ मूळ रेघेने कधीच केला नसता.

मात्र रेघ वा टिंब आपले आपण सुरक्षित राहत नाही. एक्सेलमध्ये 7/12 टंकित करताच त्याची तारीख होते. पपेटची मूल्ये ज्यात लिहितात त्या यॅमल धारिकेत अवतरणचिन्हांवाचून लिहिलेले 1.10 हे दशांश संख्या मानले जाऊन 1.1 होते, म्हणजे दहावा हिस्सा पहिल्यात विलीन होतो. एक्सेलचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करणे आणि यॅमलमध्ये नाव अवतरणात घालणे, एवढ्याने हे टळते.

परंतु धारिकेत अवतरण घातले की सर्व साधले, हाही भ्रमच. पपेटच्या 'हायरा' या शोधयंत्रणेत 'धुळे.गव्ह.इन' अशा टिंबयुक्त नावाने विचारणा केली, तर ती प्रथम 'धुळे' ही नोंद शोधते, मग तिच्या पोटात 'गव्ह' आणि त्याच्याही पोटात 'इन'. संपूर्ण नाव एकच मानावयाचे असेल, तर विचारणेतील नावाभोवती आत आणखी एक अवतरणाची जोडी द्यावी लागते.

सर्वांत फसवा गैरसमज हा, की डोळ्यांना जे सारखे दिसते ते संगणकालाही सारखेच असते. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातील तऱ्हाडीचेच पाहा. त्यातील अर्धा ऱ युनिकोडच्या स्वतंत्र 'ऱ' अक्षराने लिहिता येतो, 'र'ला नुक्ता जोडून लिहिता येतो, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांनीही साधता येतो. पडद्यावर गाव एकच, शोधात मात्र नावे तीन. युनिकोडचे एनएफसी हे प्रमाणीकरण पहिल्या दोहोंना एकरूप करते, पण जोडचिन्हाला हातही लावत नाही. त्याला कंटाळून कोणी 'तर्हाडी' असे रफार देऊन लिहू लागतो, ते मला गावाच्या नावावरील अन्यायच वाटते. जोडचिन्हाचा पर्याय हलन्त 'ऱ्'मध्ये बदलणारा एक नियम लिहावा, तो नोंद करताना व शोध घेताना दोन्ही वेळी लागू करावा, आणि जुन्या नोंदीही एकदा त्यातून काढाव्यात.