मातीविना स्ट्रॉबेरी : पिशवीत नेमके काय भरायचे?

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते तिथल्या लाल मातीत पिकलेल्या फळाला. आता पॉलिहाऊसमध्ये मातीविना स्ट्रॉबेरी घेण्याकडेही शेतकरी वळत आहेत. सांगाडा, ड्रिप, खतांच्या टाक्या यांचा हिशेब बारकाईने होतो. मुळे ज्यात वाढणार ते माध्यम मात्र अनेकदा फक्त दर पाहून घेतले जाते. हंगाम फसण्याची सुरुवात तिथूनच होऊ शकते.

माध्यम इतके महत्त्वाचे का?

जमिनीत खत-पाण्याची थोडी चूक माती पोटात घेते. पिशवीत एका रोपाच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन लिटर माध्यम येते. तेवढ्यातच मुळांना पाणी हवे आणि हवाही. पाणी साचले तर मुळे कुजतात. फार लवकर निथळले तर दुपारी रोप माना टाकते. शिवाय स्ट्रॉबेरी हे क्षारांना अतिशय संवेदनशील पीक आहे.

पर्याय कोणते?

• कोकोपीट : नारळाच्या सोडणाचा भुसा. पाणी चांगले धरतो, देशातच मिळतो. मात्र त्यात क्षार असू शकतात.

• परलाइट : ज्वालामुखीजन्य काचेसारखा खडक तापवून फुलवलेले पांढरे, हलके दाणे. हवा खेळती ठेवतात, पाणी कमी धरतात. एकट्याने वापरल्यास वीज गेल्यावर पीक लगेच अडचणीत येते.

• रॉकवूल : बेसॉल्टसारखा खडक वितळवून काढलेले तंतू. स्वच्छ आणि एकसारखे; पण सामू जास्त असल्याने आधी आम्लयुक्त पाण्यात भिजवावे लागते. वापरानंतर ते कुजत नाही, त्यामुळे विल्हेवाटीचा प्रश्न उरतो.

आपल्याकडे बहुतेकांसाठी कोकोपीट आणि त्यात २० ते ३० टक्के परलाइट हे मिश्रण व्यवहार्य ठरते.

कोकोपीटमधली खरी मेख

नारळाच्या सोडणात पोटॅशियम, सोडियम आणि क्लोराइड असते. खाऱ्या पाण्यात मुरवलेल्या सोडणात ते आणखी वाढते. साध्या पाण्याने धुतल्यावर सुटे क्षार जातात, पण कणांना चिकटलेले सोडियम-पोटॅशियम तसेच राहते. पुढे खतातून कॅल्शियम दिले की कोकोपीट ते स्वतःकडे ओढते आणि सोडियम-पोटॅशियम सोडते. खत देऊनही कोवळ्या पानांची टोके करपतात, ती बऱ्याचदा यामुळे.

उपाय लागवडीआधीच करायचा. कोकोपीट कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून पुन्हा धुवायचे. यालाच ‘बफरिंग’ म्हणतात. ‘धुतलेले’ आणि ‘बफर केलेले’ हे दोन वेगळे माल आहेत. विक्रेत्याकडून कोणता मिळतो आहे, ते बिलावर लिहून घ्यावे.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

• भिजवून मोकळे केलेले कोकोपीट एक भाग आणि आरओचे पाणी दीड भाग मिसळून अर्धा तास ठेवा. गाळलेल्या पाण्याची ईसी ०.५ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असावी.

• प्रत्येक लॉट वेगळा तपासा. एका ठोकळ्यावरून सगळा माल ठरवू नका.

• फार बारीक, पिठासारखा भुसा टाळा. त्यात हवा राहत नाही.

• विहीर किंवा बोअरचे पाणीही तपासा. पाणीच खारे असेल तर उत्तम माध्यमही उपयोगाचे नाही.

लागवडीनंतर चूक सुधारता येते का?

फारशी नाही. तीन लिटरप्रमाणे १० हजार रोपांना ३० हजार लिटर माध्यम लागते. पाच किलोचा ठोकळा भिजून साधारण ७० लिटर होतो, म्हणजे सव्वाचारशेहून अधिक ठोकळे. मुळे रुजल्यावर एवढा माल बदलता येत नाही. हातात राहते ते फक्त लक्ष ठेवणे. खताच्या पाण्याची ईसी १ ते १.५ आणि सामू ५.५ ते ६.५ दरम्यान ठेवावा. पिशवीतून निथळणारे पाणी रोज मोजावे. त्याची ईसी दिलेल्या पाण्यापेक्षा बरीच वाढू लागली, तर क्षार साचत आहेत असे समजून पाण्याच्या पाळ्या वाढवाव्यात.

स्ट्रॉबेरीची लागवड साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. तपासणी, धुणे, बफरिंग आणि गरज पडल्यास माल परत करणे या सगळ्याला वेळ लागतो. त्यामुळे रोपांची वाट पाहत न बसता कोकोपीट ऑगस्टपर्यंत शेडवर येऊन तपासून झालेले असावे.