कुस्ती, जनावरे आणि जुने रीळ

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने केलेले पहिले चित्रण म्हणून ती ओळखली जाते. पाठोपाठ त्यांनी माकडांना खेळ शिकवणाऱ्या मदाऱ्यावर कॅमेरा लावला. आपल्याकडच्या कॅमेऱ्याने सुरुवातीलाच झुंजणारी शरीरे पाहिली आणि जनावरेही. ही दोन्ही चित्रणे आज पाहायला मिळत नाहीत. हे नुकसान मोठे आहे, कारण पैलवानाचा डाव किंवा सांबराची उडी कितीही बारकाईने लिहिली तरी कागदावर पुरती उतरत नाही.

जे उरले आहे ते पुन्हा पाहण्याची एक शिस्त असते. संग्रहात डबा आला की आधी त्याचा वास घेतात. व्हिनेगरसारखा आंबूस वास म्हणजे ॲसिटेट फिल्म कुजू लागल्याची खूण. त्याहून जुनी नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही असते. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा साठ्याला जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा जळून गेला. वासानंतर सुती हातमोजे घालून रीळ हाताने सावकाश फिरवतात. कडेची छिद्रे फाटली आहेत का, फिल्म आक्रसली आहे का, कुठे जोड दिला आहे, हे बोटांना आणि डोळ्यांना एकदमच कळत जाते. कडेवरच्या कंपनीच्या खुणांवरून फिल्म कोणत्या साली बनली याचाही अंदाज बांधता येतो.

मग प्रश्न येतो वेगाचा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत आणि सेकंदाला साधारण १६ चौकटी टिपत. तीच फिल्म बोलपटाच्या २४ चौकटींच्या वेगाने चालवली की हालचाल दीडपट जलद होते आणि कसलेले मल्ल कळसूत्री बाहुल्यांसारखे दिसू लागतात. खरा वेग शोधायला आखाड्यातली माती कामी येते. मल्लाने उधळलेली मूठभर माती खाली यायला किती वेळ लागतो, हे पृथ्वीच्या ओढीने ठरलेले असते. पाणवठ्यावर मुद्दाम मंद गतीत टिपलेल्या हरणाच्या अंगावरून निथळणारे थेंबही हाच पुरावा देतात.

हे झाले फिल्मवरच्या कुस्तीचे. जपानी महिला कुस्तीचे बरेचसे जुने चित्रण मात्र व्हिडिओ टेपवर आहे. १९५४ मध्ये अमेरिकेची मल्ल मिल्ड्रेड बर्क आपल्या सहकाऱ्यांसह जपानला गेली आणि तिथे या खेळाने जोर धरला. त्याच वर्षी मुंबईत मल्ल हमीदा बानू यांनी रशियाच्या वेरा चिस्टिलिनला हरवले होते. १९६८ मध्ये ‘ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंग’ ही संस्था उभी राहिली. पुढे फुजी टीव्हीने जॅकी सातो, माकी उएदा, चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका या मल्लांना घरोघरी पोचवले. २८ ऑगस्ट १९८५ रोजी ओसाकात डंप मात्सुमोतोकडून हरल्यावर अटीप्रमाणे नागायोचे केस कापले गेले. त्या चित्रणात प्रेक्षकांमधल्या शाळकरी मुलींचा आक्रोश ऐकू येतो. तो ऐकल्याशिवाय हा खेळ कळत नाही, म्हणून अशी टेप एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून अनुभवावी.

जपानी प्रक्षेपणात सेकंदाला सुमारे ३० चौकटी असत आणि प्रत्येक चौकट दोन अर्धांत विभागलेली असे. भारतातल्या २५ चौकटींच्या पद्धतीत उतरवलेल्या प्रतीत हालचाल फरफटते. पाहायची तर मूळ पद्धतीतलीच प्रत पाहावी. तिच्यात सेकंदाचा साठावा भाग वेगळा काढता येतो. उचलून आपटली जाणारी मल्ल हनुवटी छातीला टेकवते, तळहात मॅटवर आपटून मार पसरवते. लढतीचा निकाल आधी ठरलेला असतो, पण निम्मा डाव पडणारीच पेलत असते. चीतपटीवर नजर ठेवून कुस्ती पाहणाऱ्यांनी हे पडण्याचे कसब जरूर पाहावे.

जंगलपटांत जोडकामावर अधिक लक्ष लागते. ‘व्हाइट विल्डरनेस’ या डिस्नेच्या १९५८ च्या चित्रपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीने पाण्यात उड्या घेताना दिसतात. ते दृश्य कॅनडात बनवून घेतलेले होते. म्हणून शिकारी आणि शिकार एकाच चौकटीत एकदा तरी दिसतात का, सावल्या एकाच बाजूला पडतात का, हे तपासावे लागते. दूरवरून लांब भिंगाने टिपलेल्या वाघाच्या हाडे फोडण्याचा आवाज बहुधा स्टुडिओत भरलेला असतो.

इथे स्थानिक डोळ्याला तोड नाही. उदाहरणार्थ, यवतमाळ जिल्ह्यातले ढाणकी हे गाव उमरखेड तालुक्यात आहे आणि याच तालुक्यात पैनगंगा अभयारण्याचे सागवन पसरले आहे. उन्हाळ्यात निष्पर्ण उभा राहणारा साग आणि पावसाळ्यात रुंद पानांनी भरलेला साग तिथल्या माणसाला कुणी ओळखून द्यावा लागत नाही. एकाच पाठलागात आधी उघडा साग आणि लगेच हिरवा साग दिसला, तर दोन ऋतूंची चित्रणे जोडल्याचे तो पहिल्या फटक्यात सांगेल. अशा माणसांना ही रिळे दाखवून त्यांचे म्हणणे टिपून घ्यायला हवे.

शेवटी नोंद होते. डोळ्यांना दिसले ते एका रकान्यात, तर्काने काढले ते दुसऱ्या रकान्यात, आणि चालवण्याचा वेग ठळक अक्षरांत. डिजिटल प्रत झाली तरी मूळ रीळ थंड, कोरड्या खोलीत परत ठेवतात, कारण पुढचे स्कॅनिंग यंत्र याहून बारीक पाहणारे असू शकते.