डिचोलीच्या खनिजातले पाणी

केंद्र सरकारने २०२३ साली जाहीर केलेल्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत मॉलिब्डेनम आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तमिळनाडूतील हरूर परिसरात त्याचा माग काढला. या धातूच्या शोधात भूवैज्ञानिक खोल भूगर्भातून वर चढलेल्या उष्ण द्रवांच्या खुणा हुडकतो. ते द्रव आपले काम उरकून केव्हाच थंडावले. गोव्यातल्या लोहखनिजाची घडण याच्या नेमकी उलट आहे. ते थंड पावसाच्या पाण्याने, वरून खाली झिरपत घडवले आणि ते पाणी अजूनही त्यातच मुक्कामाला आहे. म्हणून गोव्यात खनिज मोजायचे आणि पाणी सोडून द्यायचे, हा शोध अर्धाच ठरतो, असे माझे म्हणणे आहे.

गोव्याचा लोहपट्टा पेडण्यातील न्हयबागपासून निघून डिचोलीतून आग्नेयेला सांग्यातील साळजिणीपर्यंत सुमारे ९५ किलोमीटर जातो. हे खडक धारवाड कुळातले, वय अडीचशे कोटी वर्षांच्या घरातले; त्यातल्या लोहधारी थरांना भूविज्ञानात डिचोलीचेच नाव मिळाले आहे. मूळ खडक पट्टेदार: एक पदर लोहाचा, एक सिलिकाचा. त्यात लोह असते २५ ते ३५ टक्के, म्हणजे भट्टीच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी. पण या थरांना घड्या पडल्या, भेगा गेल्या आणि उष्ण कटिबंधातला पाऊस लाखो वर्षे त्या भेगांतून मुरत राहिला. पाण्याने सिलिका हळूहळू विरघळवून नेली, लोह जागच्या जागी राहिले आणि काही ठिकाणी त्याचे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास गेले. गोव्याचे बहुतांश खनिज ढेकळांऐवजी भुकटीच्या रूपात का मिळते, याचे उत्तर इथेच आहे. सिलिका निघून गेल्याने ज्या पोकळ्या उरल्या, त्यांनी खडक भुसभुशीत केला. आणि त्याच पोकळ्या आज पाणी धरून ठेवतात.

गोवा विद्यापीठातील ए. जी. चाचडी यांच्यासारख्या भूजल अभ्यासकांनी या पट्ट्याचे जे चित्र मांडले, ते समजायला सोपे आहे. वर जांभ्याचा सच्छिद्र थर, त्याखाली चिकणमाती आणि तिच्याखाली खनिजाची भुकटी. जांभा हा पहिला जलधर, भुकटी हा दुसरा. टेकडीच्या पायथ्याची झर, कुळागराला मिळणारे पाणी, गावातली विहीर या साऱ्यांचे नाते या दोन थरांशी असते. खाण पाण्याच्या पातळीखाली उतरली की खनिज उचलण्याआधी पाणी उपसावे लागते. शिरगावात खाणी समुद्रसपाटीच्याही खाली गेल्या. देवी लईराईच्या जत्रेमुळे गोवाभर ठाऊक असलेल्या या गावाचा विहिरींचा आणि शेतांचा प्रश्न अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला. तिथे पंप चालवणाऱ्याने वेगळे असे काही केले नव्हते. जलधर खोदला की हेच होणार, हे खडकाच्या रचनेतच लिहिलेले होते.

मग ते आधी का वाचले गेले नाही? पोर्तुगीज अमदानीतले खाणपट्टे लहान, साधारण १०० हेक्टरांपर्यंतचे. त्यामुळे रिजेक्शनचे, म्हणजे टाकाऊ मातीचे, ढीग पुष्कळदा पट्ट्याबाहेर पडले आणि पावसाळ्यात ती माती शेतांत व नद्यांत उतरली. चर खणून, पुढे छिद्रे पाडून नोंदले गेले ते खनिजाची प्रत, जाडी आणि वरच्या मातीचा भार. बाजार बदलला की खनिजाची व्याख्याही बदलली. सुरुवातीला जपान, नंतर कमी प्रतीचा मालही घेणारा चीन. २००९ मध्ये लोहाची किमान मर्यादा ५५ वरून ४५ टक्क्यांवर आली आणि एकही नवे छिद्र न पाडता कागदावरचे साठे वाढले! २०१०-११ साली गोव्यातून सुमारे पाच कोटी टन खनिज बाहेर गेले. पुढचा घटनाक्रम परिचित आहे: बेकायदा खाणकामावरचा शहा आयोग, सप्टेंबर २०१२ ची खाणबंदी, एप्रिल २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा, फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे रद्द झालेले नूतनीकरण. डिसेंबर २०२२ मधल्या लिलावात सुमारे ४७८ हेक्टरांचा डिचोली ब्लॉक वेदांताने ६३.५५ टक्क्यांच्या बोलीने घेतला. २०१५ च्या नियमांप्रमाणे लिलावाआधी खनिजाचा पुरावा जी-४ ते जी-१ अशा पायऱ्यांवर तपासतात. भूजलाला अशी पायरीच नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पर्यावरण परवान्यासाठी भूजलाचा अभ्यास सक्तीचा आहेच. आहे खरा, पण तो बोली लागल्यानंतर होतो. मिळकतीचा मोठा वाटा सरकारला देण्याचे कबूल करून बसलेल्या कंपनीला ‘इतक्या खोलीखाली उतरू नका’ असे सांगणे तेव्हा फार अवघड होते. शिवाय जिथे अनेक दशके उपसा झाला, तिथे आज मोजलेली पातळी मूळची कशी मानायची? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बंद खाणी पाण्याने भरल्या, ते पाणी शेतीला देता येते, मग नुकसान कुठे आहे? पंप थांबताच खड्डे भरले, यावरून खाण आणि जलधर एकच, हेच उलट सिद्ध होते. मात्र खड्ड्यातले पाणी तळाशी बसते. टेकडीच्या पोटातले पाणी आपल्या वजनाने झरीतून वाहत होते; आता ते वर आणायला वीज आणि पंप लागतात, आणि भरलेल्या खाणींची पावसाळ्यातली धास्ती वेगळीच. राहता राहिला रोजगार. ट्रक आणि बार्जवर उभी राहिलेली घरे खोटी नाहीत, आणि खाण कायमची बंद करा असे इथे म्हटलेलेही नाही. पण किती खोल जायचे, याचा आकडा त्या घरांनाही आधी कळला पाहिजे. वर्षानुवर्षांच्या बंदीचा खरा भुर्दंड त्यांनीच भरला.

या दृष्टीने पेडणे महत्त्वाचे ठरते. पट्टा इथूनच सुरू होतो, तेरेखोल ओलांडताच सिंधुदुर्गातल्या रेडीच्या खाणी लागतात, पण डिचोलीइतके खोदकाम पेडण्याच्या वाट्याला आले नाही. मोपाच्या सड्यावर डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि त्या प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांनी उतारावरच्या झरींचा मुद्दा लावून धरला होता. जांभ्याचा सडा पाऊस पितो आणि कडांवरून झरींच्या रूपाने सोडतो, ही क्रिया पेडण्यात पुष्कळ ठिकाणी अजून पाहता येते, म्हणजेच मोजताही येते. डिचोलीत ही संधी बऱ्याच अंशी हुकली. तेव्हा न्हयबागपासून साळजिणीपर्यंतचा कोणताही ब्लॉक लिलावाला काढण्यापूर्वी सरकारने त्यातल्या झरी, विहिरी आणि दोन्ही जलधरांच्या पातळ्या किमान एक पावसाळा आणि एक उन्हाळा मोजाव्यात, ते आकडे ग्रामसभेपुढे ठेवावेत आणि खोदाईच्या खोलीची मर्यादा लिलावाच्या अटींतच छापावी.