सिमेंटने भिंत गुदमरते

कन्नड परिसरातल्या जुन्या दगडी घराची डागडुजी निघाली की आधी सिमेंटची गोणी येते. नेमकं तेच नको. इथला दगड काळा बेसॉल्ट. घट्ट असल्याने तो फारसं पाणी पीत नाही. भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडते ती दरजांमधल्या सच्छिद्र चुन्यातून. तिथे सिमेंट भरलं की ओल आतच कोंडते. मग लोणा लागतो, पोपडे सुटतात.

चुना म्हणजे सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजलेली चुनखडी. भाजताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो. पाण्यात विरवलेला चुना भिंतीत बसला की हवेतून तोच वायू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो, सावकाश, वर्षानुवर्षं. त्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालायची रीत जुनीच, पण प्रमाण मात्र ज्याचं त्याचं!

चुन्यात जशी ही भर, तशी मातीच्या गिलाव्यात तंतूंची लागते, नाहीतर वाळताना तो तडकतो. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश असल्याचं संशोधक राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये दाखवलं. घराच्या भिंतीला गव्हाचं भुसकट पुरतं.